कॉम्प्युटर गेला, वॉलेट परत आणलं, पण शिल्लक शून्य दिसते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बिटकॉइनसारखी नाणी वॉलेटमध्ये, म्हणजे त्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "जुना लॅपटॉप गेला. नव्यावर तेच वॉलेट टाकलं, ते परत आणायचे बारा शब्द दिले, वॉलेट उघडलंसुद्धा. पण शिल्लक शून्य. पैसे गेले का?" दुसरे काही जण याच्याही आधीच्या पायरीवर अडकलेले असतात: "शब्द कुठे लिहून ठेवलेलेच नाहीत. जे काही होतं ते त्या बंद पडलेल्या मशीनमध्ये."

दोघांनाही पहिलं सांगणं एकच: थांबा, आणि काहीही पुसू नका. कॉम्प्युटर बंद पडल्यामुळे नाणी क्वचितच जातात. ती जातात त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतल्या घाईमुळे. कुणी त्याच डिस्कवर विंडोज पुन्हा टाकतं, कुणी ब्राउझरचं एक्स्टेंशन काढून परत बसवतं, कुणी मदत करायला आलेल्या अनोळखी माणसाला शब्द सांगून टाकतं.

आधी पत्ता, मग वॉलेट

बिटकॉइन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कधीच नव्हते. कोणत्या पत्त्यावर (खाते क्रमांकासारख्या अक्षर-आकड्यांच्या ओळीवर) किती रक्कम आहे याची नोंद ब्लॉकचेन या सामायिक नोंदवहीत असते आणि तिच्या प्रती जगभरातल्या हजारो मशीनवर आहेत. तुमच्या मशीनमध्ये होती ती खासगी किल्ली, म्हणजे त्या पत्त्यावरची रक्कम खर्च करण्याचा अधिकार. घरातली सातबाऱ्याची प्रत जळाली म्हणून जमीन जात नाही, तसंच हे. पण इथे दुसरी प्रत काढून देणारा तलाठी नाही, त्यामुळे किल्लीची प्रत तुमच्याकडेच असावी लागते.

म्हणून सुरुवात वॉलेटपासून करू नका, पत्त्यापासून करा. एक्स्चेंजवरून, म्हणजे नाणी विकत घेतली त्या कंपनीकडून, ती स्वतःच्या वॉलेटमध्ये काढली असतील तर एक्स्चेंजच्या विड्रॉवल हिस्टरीत तुमचा पत्ता सापडतो. नसेल तर तेव्हाचे ईमेल बघा, किंवा ज्याने तुम्हाला पैसे पाठवले त्याच्याकडे मागा. तो पत्ता एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाका. बिटकॉइनसाठी मेमपूल.स्पेस आणि इथेरियमसाठी इथरस्कॅन चालतं. पत्ता गुप्त नसतो, तो तपासण्यात धोका नाही.

तिथे रक्कम दिसली तर निम्मी काळजी मिटली. पैसे जागेवर आहेत आणि तुमचं नवं वॉलेट चुकीच्या ठिकाणी बघतंय. रक्कम दिसली नाही तरी लगेच धसका घेऊ नका. बिटकॉइनमध्ये त्या पत्त्यावरून तुम्ही कधी काही खर्च केलं असेल, तर उरलेली रक्कम वॉलेट आपोआप एका नव्या, तुमच्याच पत्त्यावर पाठवतं. त्याला चेंज पत्ता म्हणतात. शेवटचा व्यवहार उघडा आणि त्याची तारीख बघा. कॉम्प्युटर चालू असतानाचा, तुम्हाला आठवणारा व्यवहार असेल तर उरलेली रक्कम चेंजमध्ये आहे. कॉम्प्युटर बंद पडल्यानंतरची तारीख असेल आणि व्यवहार तुम्ही केलेला नसेल, तर मात्र ती चोरी आहे. मग हे वाचत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

पत्त्याची सुरुवातीची अक्षरं कागदावर उतरवून ठेवा. पुढे ती फार उपयोगी पडणार आहेत.

मशीन गेलंय की डिस्क?

"चालूच होत नाही" याचा अर्थ डिस्क गेली असा होत नाही. वीज सारखी येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं, पावसाळ्यात जवळपास वीज पडते, अशा वेळी अनेकदा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा भाग) किंवा मदरबोर्ड जातो आणि डिस्क शाबूत राहते. ती काढा आणि यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. जुन्या डिस्कला साटा केस लागते, नव्या लॅपटॉपमधल्या लांबट एसएसडीला एनव्हीएमई केस. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही सहज मिळतात.

मशीन दुरुस्तीला किंवा वॉरंटीत देणार असाल तर डिस्क आधी काढून घ्या. काढता येत नसेल तर "डेटा हवा आहे, फॉरमॅट मारू नये" असं जॉब शीटवर लिहून घ्या, तोंडी सांगण्यावर राहू नका. वॉरंटीत डिस्क बदलली जाते तेव्हा जुनी डिस्क सहसा परत मिळत नाही. शिवाय पासवर्ड नसलेली वॉलेट फाइल ज्या डिस्कवर आहे, ती डिस्क म्हणजे रोख रक्कमच.

डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची, किल्ली मागितली जाऊ शकते. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन तुम्ही न सांगताही चालू झालेलं असतं. किल्ली ४८ अंकी असते आणि बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्या खात्यात साठवलेली मिळते. ॲपलच्या २०१८ नंतरच्या मॅकबुकचं मात्र अवघड आहे. त्यातला स्टोरेज बोर्डावरच बसवलेला असतो आणि त्याचं एन्क्रिप्शन त्या मशीनच्या चिपशी जोडलेलं असतं, त्यामुळे तो काढून दुसरीकडे वाचता येत नाही. बोर्ड दुरुस्त करणारा माणूस किंवा टाइम मशीनचा बॅकअप, हे दोनच मार्ग उरतात.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवणं तर पूर्ण टाळा, कारण ते मरत्या डिस्कवर लिहायला जातं. डिस्क अजून ओळखली जात असेल तर आधी जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनाने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. ओळखलीच जात नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. त्याला एवढंच सांगा की अमुक फोल्डर हवा आहे. त्यात काय आहे आणि किती किमतीचं आहे हे सांगायची गरज नाही.

फाइल चुकून डिलीट झाली असेल तर जुन्या फिरत्या डिस्कवर ती परत मिळण्याची बरीच शक्यता असते, फक्त त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय रिकाम्या झालेल्या जागा आपणहून साफ करते, त्यामुळे तिथे आशा फार कमी.

बिटकॉइन कोर असेल तर

बिटकॉइन कोर हे बिटकॉइनचं मूळ वॉलेट सॉफ्टवेअर. याच्याविषयी सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बिटकॉइन कोर बारा शब्द देत नाही, कधीच देत नव्हतं. त्यामुळे "शब्द कुठे लिहिले होते" म्हणून घर उलथंपालथं करू नका. तुम्हाला हवी आहे वॉलेट.डॅट नावाची फाइल.

विंडोजमध्ये यूजर्स, मग तुमचं नाव, मग ॲपडेटा, रोमिंग, बिटकॉइन असा रस्ता आहे. आवृत्ती २८ किंवा त्यापुढचं कोर नव्याने टाकलं असेल तर रोमिंगच्या जागी लोकल. ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. जुन्या वापरात फाइल थेट बिटकॉइन फोल्डरमध्येच असते. २०१८ साली आलेल्या ०.१६ आवृत्तीनंतर नव्याने टाकलेल्या कोरमध्ये 'वॉलेट्स' नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक वॉलेटचा स्वतंत्र फोल्डर. या सगळ्या फोल्डरांतल्या फाइलचं नाव वॉलेट.डॅटच असतं. दोन वॉलेट एकाच पेनड्राइव्हवर उतरवताना एक दुसऱ्यावर चढते आणि कळतही नाही. उतरवताना नाव बदला.

सापडलेल्या फाइलच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मूळ फाइल कधीही थेट उघडू नका. मग नव्या मशीनवर कोर टाका आणि फाइल मेनूतल्या 'रिस्टोअर वॉलेट'ने एक प्रत आत घ्या. कोरची तिसावी आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. तिच्यापासून जुन्या पद्धतीची वॉलेट थेट उघडत नाहीत, ती आधी 'मायग्रेट वॉलेट'मधून नव्या रूपात आणावी लागतात. फाइल उघडत नाही म्हणून ती खराब झाली असं समजून टाकून देऊ नका.

आता शिल्लक शून्य दिसेल, आणि ते योग्यच आहे. कोर दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरला विचारत नाही. ते २००९ पासूनचे सगळे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे, स्वतः उतरवून तपासतं आणि जसजसं पुढे सरकतं तसतशी तुमची शिल्लक दिसू लागते. हे ६०० जीबीहून जास्त आहे. घरच्या इंटरनेटवर याला बरेच दिवस लागू शकतात. डिस्कवर जागा नसेल तर प्रून पर्याय निवडा, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात. पण मग क्रम पाळा: आधी वॉलेट आत घ्या, मग ब्लॉक उतरवायला सुरुवात करा. सगळं उतरवून, प्रून होऊन गेल्यावर जुनं वॉलेट आत घेतलंत तर त्याचे व्यवहार असलेले ब्लॉक मशीनवर नसतात आणि सगळं पहिल्यापासून उतरवावं लागतं. या एका चुकीत लोकांचे आठवडे जातात.

ब्लॉक पूर्ण उतरले, तरी शिल्लक कमी दिसते? मग बॅकअपची तारीख बघा. ऑगस्ट २०१६ मधल्या ०.१३ आवृत्तीच्या आधीचं वॉलेट असेल तर त्यात किल्ल्या एका बीजातून, म्हणजे एका मूळ गुप्त संख्येतून, तयार होत नव्हत्या. वॉलेट १०० किल्ल्या आगाऊ बनवून ठेवायचं आणि त्या संपत आल्या की नव्या बनवायचं. प्रत्येक खर्चाच्या चेंजला एक किल्ली लागायची. म्हणजे २०१३ चा बॅकअप आणि त्यानंतर भरपूर व्यवहार, असं असेल तर नंतरच्या किल्ल्या त्या बॅकअपमध्ये नाहीतच. अशा वेळी नंतरची एखादी प्रत शोधा: दुसरी डिस्क, जुनी सीडी, भावाच्या मशीनवर उतरवलेला फोल्डर. तसंच, वॉलेटला पासवर्ड लावण्याआधी घेतलेल्या बॅकअपवरही विसंबू नका. पासवर्ड लावताना कोर नव्या किल्ल्या तयार करतं आणि जुन्या प्रती बदला असं स्क्रीनवर बजावतंही, पण ती सूचना वाचून पुढे जाणारे थोडे.

बारा शब्द दिले, तरी शून्य

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, आणि कारणं ठराविक आहेत.

पहिलं कारण म्हणजे शब्द एका जातीचे आणि वॉलेट दुसऱ्या जातीचं. बहुतेक वॉलेट बीआयपी३९ ही २०१३ ची पद्धत पाळतात: २०४८ शब्दांची ठरलेली यादी, तिच्यातले बारा किंवा चोवीस शब्द. इलेक्ट्रम हे वॉलेट मात्र २०११ पासूनचं आहे आणि त्याची पद्धत स्वतःची आहे. इलेक्ट्रममध्ये तयार झालेले बारा शब्द दुसऱ्या बहुतेक वॉलेटमध्ये चुकीचे ठरतात. उलट, दुसऱ्या वॉलेटचे शब्द इलेक्ट्रममध्ये लिहिले तर पुढे जायचं बटणच चालत नाही, तोवर की तुम्ही 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन बीआयपी३९ वर खूण करत नाही. म्हणून शब्द कोणत्या सॉफ्टवेअरने दिले होते ते आधी आठवा आणि शक्यतो त्याच सॉफ्टवेअरमध्ये परत आणा. ते सॉफ्टवेअर बंद झालेलं असेल, जसं मल्टिबिट २०१७ मध्ये बंद झालं, तर त्याच्या पद्धतीची माहिती शोधून मगच पुढचं पाऊल टाका.

दुसरं कारण मार्ग. शब्दांच्या एकाच संचातून अनेक शाखा (वॉलेटच्या भाषेत डेरिव्हेशन पाथ) निघतात आणि प्रत्येक शाखेवर वेगळे पत्ते असतात. मघाशी कागदावर उतरवलेली पत्त्याची सुरुवात इथे कामाला येते. पत्ता १ या आकड्याने सुरू होत असेल तर शाखा ४४ ची, ३ ने सुरू होत असेल तर बहुधा ४९ ची, बीसी१क्यूने असेल तर ८४ ची आणि बीसी१पीने असेल तर ८६ ची. जुनं वॉलेट १ चे पत्ते देत होतं आणि नवं आपणहून बीसी१क्यूची शाखा उघडतंय, तर शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्यच दिसणार. इलेक्ट्रममध्ये बीआयपी३९ शब्द दिल्यावर 'डिटेक्ट एक्झिस्टिंग अकाउंट्स' असं बटण येतं. ते नेहमीच्या शाखा तपासून कुठे व्यवहार आहेत ते सांगतं. बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

तिसरं कारण पासफ्रेज, ज्याला काही जण पंचविसावा शब्द म्हणतात. तो तुम्ही कधी ठेवला असेल आणि आता दिला नसेल, किंवा एखादं कॅपिटल अक्षर, एखादी जागा चुकली असेल, तर वॉलेट 'चूक' असं म्हणत नाही. ते दुसरं, पूर्ण वैध आणि रिकामं वॉलेट उघडतं. प्रत्येक पासफ्रेजला स्वतःचं वॉलेट आहे, त्यामुळे बरोबर कोणती हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्ग नाही. हे वाचून काहींना इथेच आठवतं, आणि मला त्याचा फार आनंद होतो. वॉलेट उघडण्याचा रोजचा पासवर्ड आणि ही पासफ्रेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. रोजचा पासवर्ड फक्त त्या मशीनपुरता असतो, नव्या मशीनवर नवा ठेवता येतो.

चौथं कारण छोटं आहे, पण दुकानदार आणि फ्रीलान्सर यांना ते भेटतं. वॉलेट पत्ते क्रमाने तपासतं आणि सलग २० पत्ते कोरे मिळाले की थांबतं. तुम्ही दर ग्राहकाला नवा पत्ता देत होतात आणि मधल्या पंचवीस जणांनी पैसेच पाठवले नाहीत, तर त्यापुढची रक्कम दिसत नाही. इलेक्ट्रमच्या कन्सोलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, ही मर्यादा वाढवता येते.

शब्दच स्वीकारले जात नसतील तर प्रश्न लिहिण्यात आहे. शेवटच्या शब्दात एक तपासणी लपलेली असते, त्यामुळे एखादा शब्द चुकला की बहुतेक वेळा वॉलेट लगेच नाकारतं. बीआयपी३९ ची यादी इंग्रजी, जपानी, स्पॅनिश अशा काही भाषांत आहे, मराठीत किंवा हिंदीत नाही. आपल्याकडे काही जणांनी इंग्रजी शब्द ऐकून देवनागरीत उतरवलेले असतात आणि तिथे घोटाळा होतो. 'पेअर' म्हणजे जोडी की ते फळ? 'राइट' म्हणजे उजवा की लिहिणे? 'पीस' म्हणजे शांती की तुकडा? हे सहाही शब्द यादीत आहेत. अशा जागा हेरा आणि एकेक पर्याय घालून बघा. दोन-तीन अशा जागा असल्या तरी जोड्या मोजक्याच होतात. यादीत पहिल्या चार अक्षरांवरूनच प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो, त्यामुळे अर्धवट पुसलेला शब्दही बहुधा लागतो.

एक शब्द पूर्ण हरवला असेल तरी हिंमत सोडू नका. त्या जागी २०४८ शक्यता आहेत. बारा शब्दांच्या संचात तपासणीतून त्यातल्या सुमारे १२८ उरतात, चोवीसच्या संचात सुमारे ८. बीटीसीरिकव्हर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर हे काम करतं. तुमचा एक जुना पत्ता माहीत असेल तर ते इंटरनेट बंद ठेवूनही नेमका संच शोधून देतं, आणि ते तसंच करावं. कोणत्याही वेबसाइटवर उरलेले शब्द भरून "हरवलेला शब्द शोधा" म्हणू नका.

मेटामास्क आणि ब्राउझरमधली वॉलेट

नव्या लॅपटॉपवर क्रोममध्ये गूगल खात्याने लॉगिन केलं की बुकमार्क येतात, पासवर्ड येतात, मेटामास्क या ब्राउझरमधल्या वॉलेटचा कोल्हाही (त्याचं चिन्ह) येतो. पण तो रिकामा येतो. सिंक फक्त एक्स्टेंशन परत बसवतं, त्यातला किल्ल्यांचा साठा जुन्या डिस्कवरच राहतो. बारा शब्द असतील तर ते द्या.

त्यानंतरही काही कमी दिसत असेल तर तीन गोष्टी बघा. दुसरं, तिसरं खातं तुम्ही त्यातच बनवलं होतं का? ते दिसत नसेल तर 'नवं खातं' म्हणून पुन्हा जोडा, त्याच क्रमाने तेच पत्ते परत येतात. रक्कम पॉलिगॉन किंवा बीएनबी चेनसारख्या दुसऱ्या नेटवर्कवर होती का? पत्ता तोच असतो, पण नेटवर्क निवडावं लागतं, आणि टोकन कधी कधी हाताने जोडावं लागतं. आणि तिसरी सगळ्यात घातक गोष्ट: एखादं खातं तुम्ही खासगी किल्ली देऊन बाहेरून आणलं होतं का? तसं खातं बारा शब्दांतून परत येत नाही. त्याची किल्ली वेगळी जपलेली असायला हवी.

शब्द नाहीत, पण जुनी डिस्क वाचता येते आणि पासवर्ड आठवतो, अशा स्थितीतही मार्ग आहे. क्रोमच्या यूजर डेटा फोल्डरमध्ये 'लोकल एक्स्टेंशन सेटिंग्ज' नावाचा फोल्डर असतो. त्यात मेटामास्कच्या फोल्डरातल्या एलडीबी आणि लॉग फाइलींमध्ये कुलूपबंद साठा सापडतो, आणि मेटामास्कचंच व्हॉल्ट डिक्रिप्टर पासवर्ड घेऊन त्यातून शब्द काढून देतं. ते साधन उतरवून घ्या आणि इंटरनेट तोडलेल्या मशीनवर चालवा.

बाकीची

लेजर, ट्रेझरसारखं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली स्वतःतच ठेवणारं छोटं उपकरण, असेल तर कॉम्प्युटर गेल्याने काहीच बिघडलेलं नाही. नव्या मशीनवर त्याचं सॉफ्टवेअर टाका आणि उपकरण जोडा. मोनेरो या नाण्याच्या वॉलेटचे सहसा २५ शब्द असतात आणि सोबत रिस्टोअर हाइट विचारली जाते, म्हणजे कोणत्या ब्लॉकपासून शोधायचं. ती खऱ्या तारखेपेक्षा पुढची दिली की आधीची रक्कम दिसत नाही. शंका असेल तर मागची द्या, वेळ जास्त लागेल पण सगळं सापडेल. आणि नाणी एक्स्चेंजवरच ठेवली असतील तर परत आणण्यासारखं वॉलेटच नाही, नव्या मशीनवरून लॉगिन करा.

मदत म्हणून येणारे लोक

तुम्ही कुठेही "वॉलेट दिसत नाही" असं लिहिलंत की थोड्याच वेळात टेलिग्रामवर कुणीतरी येईल. नाव 'सपोर्ट', लोगो खरा, भाषा नम्र. तो एखाद्या पानावर वॉलेट 'सिंक' किंवा 'व्हॅलिडेट' करायला सांगेल, आणि ते पान बारा शब्द मागेल. कोणत्याही खऱ्या कंपनीला तुमचे शब्द लागत नाहीत. एनीडेस्क (दूरच्या माणसाच्या हाती तुमची स्क्रीन देणारं ॲप) चालू करून "मी बघतो" म्हणणाराही त्याच वाटेवरचा.

इलेक्ट्रमवाल्यांसाठी खास सूचना. जुन्या डिस्कवरची इलेक्ट्रमची प्रत तशीच चालवू नका. डिसेंबर २०१८ मध्ये चोरट्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे करून वॉलेटच्या आतच "अपडेट करा" असा निरोप दाखवला होता, आणि त्या लिंकवरून खोटं इलेक्ट्रम घेतलेल्यांचे बिटकॉइन गेले. ३.३.४ पेक्षा जुनी आवृत्ती असेल तर फक्त वॉलेटची फाइल उचला. ती रोमिंगमधल्या इलेक्ट्रम फोल्डरात, वॉलेट्समध्ये असते. सॉफ्टवेअर मात्र इलेक्ट्रम.ऑर्गवरून नवीन घ्या. साइटचं नाव स्वतः टाइप करा, शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

परत मिळाल्यावर

डिस्क दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आली असेल, शब्द कुणाच्या मशीनवर टाइप केले असतील, किंवा कधी त्यांचा फोटो काढून तो गूगल फोटोजमध्ये गेला असेल, तर ते वॉलेट आता फक्त तुमचं राहिलेलं नाही असं धरा. नव्या शब्दांचं नवं वॉलेट बनवा. आधी थोडीशी रक्कम पाठवा, नवं वॉलेट पुसून शब्दांवरून परत आणा, ती रक्कम दिसते का बघा, आणि मगच बाकीची हलवा.

इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या न्यूपोर्टमध्ये जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचराभूमी खणू द्यावी म्हणून ते कोर्टापर्यंत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. किल्लीची दुसरी प्रत कुठेही नव्हती, एवढंच तिथे कमी होतं.

तेव्हा प्रती दोन, आणि दोन वेगळ्या घरांत. कागद कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दमट हवेत लवकर खराब होतो, शाई पसरते. स्टीलच्या पट्टीवर अक्षरं ठोकून घेता येतात, पहिली चार पुरतात. शब्द रोमन लिपीत, क्रमांक घालून लिहा. नुसते शब्द लिहून थांबू नका, कारण पाच वर्षांनी अडतं ते बाकीच्या माहितीवाचून: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती शाखा, पहिला पत्ता कोणता, वॉलेट कधी बनवलं, पासफ्रेज आहे की नाही. पासफ्रेज असेल तर ती त्याच कागदावर नको, पण कुठेतरी लिहिलेली हवी आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ती जागा माहीत हवी. कोर वापरत असाल तर फाइल कॉपी-पेस्ट करू नका, चालू असताना उचललेली फाइल अर्धवट असू शकते. मेनूतलं 'बॅकअप वॉलेट' वापरा.

वर्षातून एकदा तालीम करा. कुठलंही जुनं मशीन घ्या, इंटरनेट बंद ठेवा, इलेक्ट्रम किंवा तुमचं जे काही असेल ते टाका, कागदावरून शब्द भरा आणि पहिला पत्ता कागदावरच्या पत्त्याशी जुळतो का ते बघा. शिल्लक दिसायची गरज नाही, पत्ता जुळला की प्रत खरी आहे. मग ते वॉलेट त्या मशीनवरून पुसून टाका.

आणखी एक गोष्ट शब्दांतून परत येत नाही: तुमच्या नोंदी. कोणता व्यवहार कशाचा होता, किती रुपयांना घेतलं होतं, हे वॉलेटच्या फाइलमध्ये किंवा एक्सेलमध्ये असतं आणि मशीनबरोबर जातं. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. खरेदीचा पुरावा नसेल तर ती वजावट मागायची कशावर, हा प्रश्न उभा राहतो. एक्स्चेंजवरून जुनी स्टेटमेंट आजच उतरवून घ्या. इलेक्ट्रममधून व्यवहारांची यादी आणि लेबलं बाहेर काढता येतात, तीही काढा आणि वॉलेटच्या प्रतीपासून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.